एका कॉटवरचे दोघे आणि मैत्रीचं इंग्रजी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर माझ्या कॉटच्या दुसऱ्या भागीदाराचे. आईवडिलांचे आहेतच, शाळेतल्या एका गुरुजींचेही आहेत. पण शहरात आल्यावर पाठ टेकायला जागा त्याने दिली, आणि ती मिळाली नसती तर मी पहिल्याच महिन्यात गावी परत गेलो असतो. त्याला मी भाऊ म्हणतो. तो मला मास्तर म्हणतो. छापलेल्या कागदावर आपलं नाव आलेलं त्याला चालणार नाही, म्हणून इथेही तो भाऊच.

काळेवाडीत तेव्हा खोल्या कॉट बेसिसवर मिळायच्या, अजूनही मिळतात. खोली घ्यायची नाही, खोलीतली एक लोखंडी कॉट घ्यायची. कॉटखाली बॅग, डोक्यावरच्या खिळ्याला कपडे, संपला संसार. ज्यांना एक अख्खी कॉट परवडत नाही ते दोघांत एक घेतात. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एक उठला की दुसरा आडवा होतो. घरमालक काही म्हणत नाही, फक्त दोघं एकाच वेळी खोलीत झोपलेले त्याला दिसायला नकोत.

मी बारावी करून मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाहून आलो तेव्हा माझ्याकडे भाऊचा फोन नंबर तेवढा होता. तो आमच्या शेजारच्या गावचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, आयटीआय झालेला. चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर प्रेस चालवायचा. गाड्यांचे दरवाजे, बॉनेट असले पत्र्याचे भाग दाबून काढणारे ते मोठे प्रेस. बायको आणि लहान मुलगी गावाकडे. मी पिंपरीच्या कॉलेजात नाव घातलं, संध्याकाळी एका मेडिकल दुकानात उभा राहू लागलो आणि भाऊच्या कॉटचा निम्मा मालक झालो.

अडचण अशी होती की भाऊची पाळी आठवड्याला बदलायची. त्याची दिवसपाळी आली की कॉट रात्री दोघांनाही लागायची. अशा आठवड्यात मी जिन्यात चादर टाकून झोपायचो आणि त्याला सांगायचो की वर गरम होतं. त्याने एकदा मला तिथे पाहिलं. सुपरवायझरला भेटून त्याने कायमची रातपाळी मागून घेतली. रातपाळी कुणालाच नको असते, त्यामुळे लगेच मिळाली. माझी पदवी होईपर्यंत त्याने ती सोडली नाही.

मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "मला दिवसाच चांगली झोप लागती. रात्री डास चावतेत."

काळेवाडीत डास दिवसाही चावतात. पण ते असो.

अशी ही मैत्री, जिच्यातले दोघं एकमेकांना जागे फारसे भेटायचे नाहीत. सकाळी त्याची कंपनीची बस यायची आणि मी कॉलेजला निघायचो, त्या मधल्या वेळात आमची गाठ. चादर अजून माझ्या अंगाने गरम असायची आणि तो तिच्यावर बसून बूट काढत बोलायचा. त्याच्या कपड्यांना तेलाचा आणि पत्र्याचा वास असायचा. माझ्या उशीलाही तो वास लागला होता. नंतर मी स्वतःची उशी घेतली तेव्हा कितीतरी दिवस झोप लागेना.

इंग्रजीचं वेड माझं. कॉलेजात मी वर्गाच्या मागे बसायचो, कारण पुढे बसणाऱ्यांना सर इंग्रजीत प्रश्न विचारायचे. रद्दीच्या दुकानातून मुलाखतीच्या तयारीचं एक पुस्तक आणलं होतं, पुठ्ठा फाटलेलं. त्यात वाक्प्रचारांचे धडे होते, एकेका विषयाचा एकेक. मैत्रीचा धडा सगळ्यात मोठा. मला वाटायचं, हे पाठ झालं की आपण त्यांच्यातले होऊ. कुणी मित्र इंग्रजीत काही म्हणाला तर आपल्याला उत्तर देता येईल. भाऊला त्यात गंमत वाटायची. तो रोज सकाळी एक मागून घ्यायचा, रात्री कारखान्यात कुणावर तरी वापरायचा आणि दुसऱ्या दिवशी हिशेब द्यायचा.

"काय मास्तर, आज कोणतं?"

"थिक अॅज थीव्ज."

"म्हंजे?"

"चोरांसारखी घट्ट मैत्री."

"साहेबाच्या देशात चोरायचीच लई घट्ट मैत्री असती का? बाकीचे काय करतेत?"

दुसऱ्या दिवशी बूट काढता काढताच सुरू झाला. "लावली रे."

"कुणाला?"

"स्टोअरवाल्याला आन् त्याच्या जोडीदाराला. दोघं मिळून हातमोजे गायब करतेत. म्हणलं, यू टू, थिक थीव्ज. त्यायला वाटलं शाब्बास म्हणतोय. चहा पाजला मला."

एकदा मी त्याला 'हाऊस ऑन फायर'चा वाक्प्रचार दिला, म्हणजे दोघांचं इतकं जमतं की जणू घराला आग लागलीय. तो त्याला पटेचना. "आग लागल्यावर कुणाचं जमतं राव? पळापळ व्हती." दोन दिवस विचार करून मग म्हणाला, "त्या लोकायची घरं लाकडाची आसतील. भरकन पेटत आसतील. म्हणून." एवढं बोलून समाधानाने झोपला.

त्याच्या लक्षात आलं होतं की इंग्रजीतली मैत्री सगळी अंगावर आहे. खांद्यावर रडायचं, पाठ सांभाळायची, डोळ्याला डोळा जुळायचा, हाताने स्पर्श ठेवायचा. आपल्याकडे मैत्री जेवणात जास्त, एका ताटातले, एका डब्यातले. "आमच्या लाइनीत कुणाच्या खांद्यावर रडाया गेलं तर तोंडाला ग्रीस लागतंय," तो म्हणायचा. कानाचाही एक वाक्प्रचार त्या धड्यात होता. तो मी इथे लिहीत नाही.

'आय हॅव गॉट युवर बॅक' हे त्याला मुळीच आवडलं नाही. त्यावरून त्याने मला त्याचं काम समजावून सांगितलं. गुरुवार होता. आमच्या या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, आणि गुरुवारी मीही कॉलेज बुडवून दुपारपर्यंत त्याच्याबरोबर असायचो. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता तो म्हणाला, "पाठ कशाला सांभाळायची? पाठीला काय व्हतंय? हात सांभाळायचे."

मग त्याने दोन बादल्या समोरासमोर मांडल्या. मोठ्या प्रेसला दोन्ही बाजूंनी माणसं असतात. मध्ये डाय, म्हणजे तो भलाथोरला साचा, त्यामुळे पलीकडचा माणूस दिसत नाही. प्रत्येकासमोर दोन बटणं, एकेका हाताला एक. दोन्ही बाजूंची सगळी बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे सगळ्यांचे हात बाहेर आहेत, आत कुणाचा अडकलेला नाही. पत्रा ठेवला की पलीकडचा ओरडतो, "हां!" मग आपण ओरडायचं, "हां!" आणि दाबायचं. रात्रभर तेच.

"आमच्यात दोस्त म्हंजे पलीकडून हां म्हणणारा," भाऊ म्हणाला. "त्येचं तोंड दिसत न्हाई. आवाजावर काम."

"पण कानात प्लग घालायचे असतात ना?" मी विचारलं. ते नारिंगी प्लग मी त्याच्या खिशात पाहिले होते, दोरीला बांधलेले.

"प्लग घातले तर हां कसा ऐकू येणार? साहेब फिरतीवर आला की घालायचे. गेला की खिशात."

त्याच गुरुवारी की दुसऱ्या एखाद्या, त्याने कानाच्या तपासणीची गोष्टही सांगितली. वर्षातून एकदा कारखान्यात तपासणीची गाडी यायची. तिच्यात माणूस मावेल एवढी एक पेटी, पेटीला काचेची खिडकी. कानाला हेडफोन लावून आत बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. जो नापास होईल त्याचं कंत्राट पुढे होणार नाही असं सगळे धरून चालायचे. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण कंत्राटावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. काचेतून तपासणाऱ्याचं कोपर दिसायचं. त्याने आवाज सोडला की कोपर थोडं हलायचं. कोपर हललं की बटण दाबायचं. अख्खी लाइन पास.

भाऊने ते कोपर कसं हलतं ते करून दाखवलं आणि आम्ही दोघं इतके हसलो की खालून घरमालकीण ओरडली. मी त्याला म्हणालो, कानाचं काम डोळ्यांनी केलंत, याला इंग्रजीत 'सी आय टू आय' म्हणायला हरकत नाही. ते त्याने रात्री लाइनीत सांगितलं आणि तिथेही खूप हशा पिकला.

आणखी एक वाक्प्रचार त्याने परत केला होता, तोही इथे सांगतो. 'ड्रिफ्ट अपार्ट'. पाण्यावर सोडलेल्या दोन वस्तू हळूहळू लांब जातात तसे मित्र लांब जाणं. त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "हे कुणाला लागंना. आपल्यात भांडण व्हतं, बोलणं बंद व्हतं. मग कुणाच्या तरी लग्नात चालू व्हतं. आपोआप काय व्हत न्हाई."

पदवी झाली. आमच्या घरात पहिली. निकाल कळला त्या सकाळी भाऊ पाळीवरून आला होता. त्याने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि मगच माझ्या पाठीवर हात ठेवला. नंतर मला हिंजवडीत नोकरी लागली. परदेशातल्या ग्राहकांच्या तक्रारींना ईमेलने उत्तरं द्यायची. मला कंपनीची कॅब आली, चार जणांत एक फ्लॅट आला, पूर्ण कॉट आली. भाऊ काळेवाडीतच राहिला. त्याच्या कॉटला नवा भागीदार मिळाला. रातपाळी त्याने नंतरही चालूच ठेवली, सवय झाली म्हणाला.

ऑफिसात मैत्रीचा तो अख्खा धडा मला रोज ऐकू येऊ लागला. पहिल्या आठवड्यात टीम लीडरने सगळ्यांना सांगितलं की वी हॅव गॉट युवर बॅक. भेटलं की 'लेट्स कॅच अप', निघालं की 'स्टे इन टच'. नोकरी सोडून जाणारा प्रत्येक जण शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकच मेल पाठवायचा, त्यात 'कीप इन टच' असायचं आणि त्याखाली त्याचा नंबर. मी सुरुवातीला ते नंबर मोबाइलमध्ये भरून ठेवायचो. दोघातिघांना फोनही केले. ते गोंधळले. काही काम होतं का, असं त्यांनी विचारलं.

आणि मी एक विद्या शिकलो. ग्राहकाला 'नाही' म्हणायचं, पण मेलमध्ये तो शब्द कुठेही दिसू द्यायचा नाही. आम्ही आपली भावना समजू शकतो, आम्ही सर्व पर्याय तपासले आहेत, या क्षणी. त्या विद्येबद्दल मला बढतीही मिळाली.

माझी सुट्टी शनिवार-रविवार आणि भाऊची गुरुवार. एकाच शहरात, एका बसच्या अंतरावर राहून आमची सुट्टी कधीच एक येईना. फोन उरला. सुरुवातीला भाऊ पुष्कळ बोलायचा. मग त्याची तऱ्हा बदलली. फोन उचलला की एका दमात सगळं सांगायचा, मी बरा हाय, पोरगी शाळेत जाती, आईचा गुडघा दुखतोय, आणि मी काही विचारायच्या आत, "चल, ठेवतो." ठेवूनच द्यायचा. पुढे तो उचलेनासाच झाला. मेसेज केला की अंगठा यायचा.

वर्षातून चार-दोनदा मी एखाद्या संध्याकाळी त्याच्या पाळीआधी काळेवाडीच्या चौकात भेटायचो. चहाच्या टपरीवर समोरासमोर उभं राहून बोलणं नीट व्हायचं. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकायचा, पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देऊन. मला ते बरं वाटायचं. पण एकदा मी जुना खेळ काढला. ऑफिसात ऐकलेला नवा वाक्प्रचार त्याला इंग्रजीत सांगितला. तो हसला, पण मी बोलणं संपवायच्या आधीच हसला. मग म्हणाला, "मराठीत बोल की राव."

मला वाटलं, आपलं इंग्रजी आता त्याला टोचतंय. ज्याच्या झोपेवर आपण ते शिकलो त्याच्यासमोर मिरवतोय, असं त्याला वाटत असेल. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी इंग्रजी शब्द टाळू लागलो. आणि रात्री फ्लॅटवर पडल्यापडल्या तो परत केलेला वाक्प्रचार आठवायचा. मनात म्हणायचो, भाऊ, होतं रे आपोआप. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, कुणाच्या तरी लग्नात मिटवलं असतं.

एका गुरुवारी मी रजा टाकली आणि न सांगता काळेवाडीला गेलो. जिन्यातच कुकरची शिट्टी ऐकू येत होती. दार उघडं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. भाऊ दाराकडे पाठ करून कॉटवर बसला होता, पॅन्टला बटण शिवत होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. डाळ वर उसळून झाकणावरून ओघळत होती. मी हाक मारली. पुन्हा मारली. तो दाताने दोरा तोडत होता.

मी आत जाऊन गॅस बंद केला. माझी सावली पडली तेव्हा तो दचकून वळला. आधी मला बघून त्याचं तोंड उजळलं. मग त्याने कुकर पाहिला, ओघळलेली डाळ पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"शिट्टी वाजत होती भाऊ," मी म्हणालो.

त्याने माझ्या ओठांवरून ते घेतलं. सुई शर्टाच्या खिशाला टोचून ठेवली.

"मला वाटलं, माझ्याच कानातली हाय," तो म्हणाला.

त्या दुपारी त्याने सगळं सांगितलं. कानात बारीक शिट्टी सुरू होऊन वर्षं झाली होती. ती कधी थांबत नव्हती. तिच्याखाली एकेक आवाज विझत गेले. आधी घंटी, मग फोनमधला माणूस, मग बायका आणि मुलं. जाड, खालच्या पट्टीतले आवाज अजून थोडे यायचे. लाइनीत गोंगाटामुळे सगळेच ओठ बघून बोलतात, त्यामुळे त्याचं निभावून गेलं. समोरच्या माणसाचं मराठी त्याला ओठांवर दिसायचं. इंग्रजी दिसत नव्हतं.

"मंग आपल्या त्या खेळाचं काय करू? म्हणून हसलो," तो म्हणाला.

मी पेटून काहीतरी बोलायला लागलो, की तुला सांगता येत नव्हतं का, की कायमची रातपाळी तू माझ्यासाठी... त्याने हात वर करून मला थांबवलं.

"रातपाळीचं काय घेऊन बसलास? दिवसाचं मशीन काय भजन म्हणतं व्हय?"

आम्ही चिंचवडला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर कानाचं चित्र काढलं आणि आतल्या शंखावर पेनने रेघा मारल्या. इथल्या बारीक पेशी मेल्या आहेत, त्या पुन्हा येत नाहीत. कानाला लावायचं मशीन घेतलं. त्याने आवाज मोठा झाला, पण शब्द सुटे होईनात. "डब्यात चमचे टाकून हलवावा तसं वाटतंय," भाऊ म्हणाला. आठवडाभराने त्याने ते काढून डबीत ठेवलं.

कारखान्यात ते फार दिवस लपलं नाही. प्रेसवर पलीकडे एक नवा जोडीदार आला होता. तो हां म्हणायचा आणि इकडून उत्तर यायला उशीर व्हायचा, किंवा त्याने म्हणायच्या आधीच इकडून हां यायचा. बटणं होती म्हणून कुणाला काही झालं नाही. पण त्याने सुपरवायझरला सांगितलं, याच्यासमोर मी हात घालणार नाही. भाऊला त्याचा राग आला नाही. "बरोबर हाय त्येचं. मीबी घातला नसता." भाऊला ब्रेक दिला. कंत्राटावरच्या लोकांना मधून मधून ब्रेक देतात आणि पुन्हा बोलावतात. त्याला बोलावलं नाही. मी ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो, कान कामावरच गेले म्हणून सांगितलं. त्याने दरवर्षीच्या तपासणीचे कागद काढून दाखवले. सगळ्यांवर पास लिहिलेलं होतं. मी बाहेर आलो. जिना उतरताना मला ते कोपर दिसत होतं आणि आमचं दोघांचं हसणं.

भाऊने कॉट सोडली. गावाला निघाला त्या दिवशी मी त्याला वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर शेजारी बसलं तर त्याला माझं तोंड दिसणार नाही, म्हणून मी त्याच्यासमोर त्याच्या पेटीवर बसलो. लोक वळून बघत होते.

त्याला एकच आशा राहिली होती. कुणीतरी सांगितलं होतं की कानाच्या आत ऑपरेशन करून यंत्र बसवतात आणि पार बहिऱ्यालाही ऐकू येतं. मी म्हणालो, पुण्यात एका मोठ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतो, तुझे सगळे रिपोर्ट दाखवतो.

"गावाकडं म्हशीचा आवाज येतो मला," तो म्हणाला. "पोरीचा न्हाई. म्हैस वरडली की कळतं. पोरगी बाबा म्हणती ते दिसतं नुसतं." पोरगी यंदा दहावीला. मग म्हणाला, "फक्त तिचा आला तरी बास झालं. तुमचं इंग्रजी ऐकून काय करायचंय."

आम्ही दोघंही हसलो.

गाडी लागल्यावर त्याने पेटी उचलली आणि थांबला. "मास्तर, डॉक्टरीण काय म्हणती ते कागदावर लिहून पाठव. मोबाइल पोरीकडं असतो, आधी ती वाचल. पत्र मी माझं मी घेईन पोस्टातून. आन् जे असल ते सरळ लिही. ते हापिसात लिहितोस तसं गुंडाळून न्हाई."

मी मान हलवली. खिडकीत बसल्यावरही तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी काही म्हणेन म्हणून. मी नुसता हात हलवत राहिलो. पुस्तकात निरोपाचाही एक धडा होता.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट नीट पाहिले. घाई केली नाही. मी विचारलं ते सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं. परत आलो आणि पत्र लिहायला बसलो. पहिल्या कागदावर मी आपोआप ऑफिसातलं लिहिलं, सर्व पर्याय, या क्षणी, आशा सोडू नये. तो फाडला. दुसऱ्यावरही तेच उतरलं. शेवटी जे पोस्टात टाकलं ते हे:

भाऊ,

डॉक्टरीणबाईंना भेटलो. उत्तर नाही असं आहे.

ऑपरेशन तुझ्या कानाला लागू पडणार नाही. त्या म्हणाल्या, त्यात जो थोडा जाड आवाज तुला येतो तोही जाण्याची भीती आहे, आणि शब्द सुटे होतील असं त्या सांगू शकत नाहीत. तुझ्या जागी त्यांचा स्वतःचा भाऊ असता तरी त्यांनी केलं नसतं. मी विचारलं, फक्त एका माणसाचा आवाज ऐकू येईल असं काही आहे का. असं काही नाही. शिट्टीचंही विचारलं. ती थांबणार नाही. रात्री उशाशी पंखा किंवा रेडिओ लावून ठेव, म्हणजे ती थोडी मागे पडते, असं त्या म्हणाल्या. जे आहे ते पुढे आणखी कमी होऊ शकतं, म्हणून मोठ्या आवाजापासून लांब राहा. पिठाच्या गिरणीत बसायचं काम मिळतंय म्हणाला होतास, ते घेऊ नकोस.

सरळ लिही म्हणालास म्हणून सरळ लिहिलं. दुसरं काही दडवलेलं नाही.

पोरीला सांग की तुझ्याशी बोलताना उजेडाकडे तोंड करून बसायचं आणि ओरडायचं नाही. ओरडलं की ओठ वाकडे होतात, हे तूच मला लाइनीतलं सांगितलं होतंस.

काळेवाडीला परवा जाऊन आलो. आपल्या कॉटवर आता दोन नवीन पोरं आहेत, परभणीकडची. मी दारातूनच पाहिलं. एक झोपला होता.

दिवाळीत मला सुट्टी आहे. मी येतो. तुझ्यासमोर बसेन, मराठीत बोलेन, हळू बोलेन. आधी हाताने खूण करेन, मग बोलेन. बोलण्यासारखं काय राहिलं असेल ते मला माहीत नाही, पण येतो.

वहिनींना आणि पोरीला हे तू सांगणार की मी सांगू, ते कळव. कळवलं नाहीस तर मी कुणाला काही सांगणार नाही. त्या विचारतील तेव्हा अजून डॉक्टरांची वेळ मिळाली नाही असं म्हणेन.

मास्तर